वेळ टळावी म्हणून

प्रस्तावना

एखादा माणूस मोठ्या अपघातातून वाचला की आपण म्हणतो, ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.’ सुटकेचा निःश्वास टाकत आपण श्रेय दैवाला देऊन मोकळे होतो. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात रुग्णालयातली सोशल वर्कर म्हणून अनेक वर्षं काम केल्यावर मला वाटू लागलं, की या म्हणीचा दुसरा अर्धा भाग पुष्कळदा माणसांच्याच हातात असतो. काळ कुणावरही येतो. वेळ येऊ नये म्हणून मात्र कुणाला तरी एक अवघड प्रश्न विचारावा लागतो, एखादी किल्ली चार दिवस दुसऱ्याच्या घरी ठेवावी लागते, आणि क्वचित न्यायालयाची पायरी चढावी लागते. ज्याच्या जिवाला धोका आहे किंवा ज्याच्यापासून दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे, अशा माणसापासून बंदूक काही काळ दूर ठेवण्याचं हे काम. त्यात सोशल वर्करचा वाटा काय असतो, ते मराठीत सविस्तर सांगावं म्हणून हे पुस्तक लिहिलं गेलं, आणि त्याची प्रस्तावना लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं.

सुरुवातीला शब्दाचा खुलासा करते. आपल्याकडे ‘समाजसेवक’ म्हटलं की चौकातला फलक डोळ्यांपुढे येतो. या पुस्तकातला सोशल वर्कर म्हणजे रीतसर शिक्षण घेऊन आणि परवाना मिळवून हे काम करणारा माणूस. आपल्या सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांचं काम ज्यांनी पाहिलं आहे त्यांना कल्पना येईल. मुंबईत १९३६ साली सुरू झालेली, पुढे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणून नावारूपाला आलेली संस्था हेच शिक्षण देण्यासाठी निघाली होती. अमेरिकेत मानसिक आरोग्याची सेवा देणाऱ्यांत सर्वांत मोठी संख्या सोशल वर्करांची आहे. शाळा, रुग्णालय, निवृत्त सैनिकांचं केंद्र, घरगुती हिंसेतून सुटलेल्या बायकांचा निवारा, तुरुंग, वृद्धांची घरं अशा सगळ्या ठिकाणी ते असतात. माणूस खचलेला असतो तेव्हा त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसणारी व्यक्ती बहुतेक वेळा डॉक्टर नसते, सोशल वर्कर असते. म्हणून बंदुकीचा प्रश्नही तिच्याच वाट्याला येतो.

मी तो प्रश्न पहिल्यांदा विचारला नव्हता, हे इथे सांगणं मला आवश्यक वाटतं. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. नोकरी गेलेला आणि घटस्फोटाच्या उंबरठ्यावर असलेला एक तरुण माझ्यासमोर बसला होता. त्याची झोप, दारू, औषधं, मित्र, आईवडील सगळं मी विचारलं. ‘जगणं नकोसं वाटतं का?’ हेही विचारलं, आणि तो ‘हो’ म्हणाला. घरात बंदूक आहे का, हे मात्र माझ्या तोंडून निघालं नाही. मी वाढले त्या गावात बंदूक फक्त बँकेच्या दारात उभ्या असलेल्या रखवालदाराच्या खांद्यावर दिसायची. एखाद्याच्या पलंगाशेजारच्या खणात ती असू शकते, हे मला माहीत होतं, पण मनात उतरलेलं नव्हतं. दोन दिवसांनी त्याच्या बहिणीचा फोन आला. ती त्याच्या घरी गेली होती आणि त्याचं पिस्तूल आपल्याबरोबर घेऊन आली होती. ‘पिस्तूल तिथून हलवा, हे तुम्ही मला आधी का सांगितलं नाहीत?’ एवढंच तिने विचारलं. जे काम माझं होतं, ते तिने कुणी न सांगता केलं होतं. त्या दिवसापासून हा प्रश्न मी कधी वगळला नाही. ज्यांना शिकवलं, त्यांनाही वगळू दिला नाही.

या प्रश्नाचं वजन कळायला काही आकडे पुरेत. २०२३ साली अमेरिकेत बंदुकीच्या गोळीने ४६,७२८ माणसं गेली. त्यांतले खून १७,९२७ होते, तर आत्महत्या सुमारे २७,३००. शाळेतले आणि बाजारातले गोळीबार जगभर बातम्यांत येतात. पण अमेरिकेतल्या बंदुकीच्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त मृत्यू हे कुणीतरी एकट्याने, बंद दाराआड स्वतःवर ओढवून घेतलेले असतात. त्यांची बातमी होत नाही. देशात माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत. २०१८ च्या एका जागतिक मोजणीनुसार अमेरिकी नागरिकांच्या हातात सुमारे ३९ कोटी बंदुका होत्या. बहुतेक लोक त्या शिकारीसाठी, छंद म्हणून किंवा स्वसंरक्षणासाठी बाळगतात आणि आयुष्यभर कुणाला इजा करत नाहीत. घरावर वाईट दिवस येतात तेव्हा मात्र तीच वस्तू त्या घरातल्यांसाठी सर्वांत धोक्याची ठरते.

याचं कारण साधनात आहे. आत्महत्येच्या ज्या प्रयत्नांत बंदूक वापरली जाते, त्यांतल्या दहापैकी जवळजवळ नऊ प्रयत्नांत माणूस वाचत नाही. इतर अनेक प्रयत्नांत बहुसंख्य माणसं वाचतात. कुणी वेळेवर पोचतं, कुणी स्वतःच घाबरून मदत मागतो, डॉक्टरांना हातात काही तास मिळतात. बंदूक असा अवधी देत नाही. आणि जे वाचतात, त्यांतले दहापैकी नऊ जण पुढे आत्महत्येने जात नाहीत, असं दीर्घकाळ पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांनी दाखवलं आहे. आपल्याकडे आणि तिकडेही लोक मान हलवत म्हणतात, ‘ज्याला जायचं तो आज ना उद्या जाणारच.’ हे वाक्य शहाणपणाचं वाटतं, पण ते खरं नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावरून १९३७ ते १९७१ या काळात ज्या ५१५ जणांना उडी मारण्यापासून अडवलं गेलं, त्यांचं पुढे काय झालं याचा शोध रिचर्ड सायडेन यांनी १९७८ साली घेतला. त्यांतले सुमारे ९४ टक्के लोक जिवंत होते किंवा नैसर्गिक कारणाने गेले होते. त्यांना त्या दिवशी कुणीतरी धरून ठेवलं, एवढंच घडलं होतं. ह्यूस्टनमध्ये गंभीर प्रयत्नातून वाचलेल्या तरुणांशी संशोधक बोलले, तेव्हा निर्णय आणि कृती यांच्यात पाच मिनिटंही गेली नव्हती, असं जवळजवळ चौथ्या हिश्श्याने सांगितलं. दुःख वर्षानुवर्षांचं असू शकतं. जिवावर उठणारी लाट पुष्कळदा काही मिनिटांची किंवा काही तासांची असते.

ही लाट येईल तेव्हा घातक साधन हाताशी नसलं, तर समाजाच्या पातळीवरही फरक पडतो. ब्रिटनमध्ये स्वयंपाकाला विषारी कोळसावायू वापरत असत. १९६०च्या दशकापासून त्याची जागा बिनविषारी वायूने घेतली, आणि त्या वर्षांत इंग्लंडमधल्या एकूण आत्महत्या सुमारे एकतृतीयांशाने घटल्या. लोकांची दुःखं काही कमी झाली नव्हती. इस्रायलच्या सैन्याने २००६ साली जवानांना आठवड्याच्या सुट्टीत बंदूक घरी न्यायला बंदी केली, तेव्हा जवानांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी खाली आल्या, आणि घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती. या पुस्तकातला सगळा विचार या अनुभवांवर उभा आहे. दुःख दूर करायला महिने लागतात आणि ते काम चालू ठेवावंच लागतं. तोवर माणूस जगला पाहिजे.

आता एक बैठक जवळून दाखवते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. चेसापीक उपसागराच्या पूर्वेला मक्याची शेतं आणि कोंबड्यांच्या लांबच लांब शेड आहेत. तिथला सत्तरीकडे झुकलेला एक शेतकरी रात्री इमर्जन्सीत आला होता. कंबरेचं दुखणं, कर्ज, तीन आठवडे झोप नाही. बायको शेजारी बसून पर्सचा पट्टा बोटांना गुंडाळत होती. ‘घरात बंदूक आहे का?’ असा प्रश्न मी तिथे विचारत नाही, कारण त्यात आरोपाचा वास येतो. मी म्हणाले, ‘या भागात बहुतेक घरांत बंदुका असतात. तुमच्याकडच्या सध्या कुठे ठेवलेल्या असतात?’ त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. ‘तुम्ही माझ्या बंदुका घ्यायला आलात का?’

‘नाही. त्या तुमच्याच आहेत आणि तुमच्याच राहतील. हे दिवस जाईपर्यंत त्या सांभाळणारं कुणी आहे का, एवढंच विचारतेय.’

तो बराच वेळ गप्प होता. मग बायकोच म्हणाली, ‘तुमचा धाकटा भाऊ ठेवेल की.’ शिकारीच्या दोन बंदुका आणि खणातलं एक पिस्तूल, असा हिशेब निघाला. कोणती बंदूक कुणाच्या ताब्यात देता येते, याचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे असतात. ते तपासून दोन बंदुका भावाकडे आणि पिस्तूल परवानाधारक दुकानदाराकडे ठेवायचं ठरलं. तोवरच्या रात्रीसाठी मी तिच्या हातात केबल-लॉक ठेवलं. प्लास्टिकचं आवरण असलेली पोलादी तार, टोकाला छोटं कुलूप आणि दोन किल्ल्या. रिकाम्या बंदुकीच्या आतून ही तार ओवली की बंदूक मिटत नाही, आणि मिटत नाही म्हणून भरता येत नाही. मी स्वतः बंदुकीला हात लावत नाही, ते काम माहीतगार माणसाचं. ‘किल्ल्या कुठे ठेवणार?’ मी विचारलं. तिने ब्लाउजच्या खिशावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून मी खात्री केली, की भाऊ येऊन गेला.

या बैठकीत काही मोठं तत्त्वज्ञान नाही, पण रीत आहे आणि ती शिकावी लागते. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी संकटातल्या माणसाबरोबर बसून लिहायची एक सुरक्षा-योजना तयार केली. आपली धोक्याची लक्षणं कोणती, मन कशात गुंतवायचं, कुणाला फोन करायचा, अशा पायऱ्यांतून ती जाते आणि शेवटी घर सुरक्षित कसं करायचं यावर येते. एलेन फ्रँक आणि कॅथरिन बार्बर यांनी याच विषयावर समुपदेशकांसाठी प्रशिक्षण घडवलं. अमेरिकेत ते CALM (उच्चार ‘काम’) या आद्याक्षरांनी ओळखलं जातं. आपल्याला मात्र या पद्धतीची मुळं घरातच सापडतील. गावाला जाताना दागिने शेजारच्या काकूंकडे ठेवायला देणं, दारू सुटेपर्यंत नवऱ्याचा पगार सासूच्या हाती जाणं, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. ठेव ठेवणाऱ्याची मालकी जात नाही, सांभाळणाऱ्यावर जबाबदारी येते, आणि मागितल्यावर ती परत मिळते. बंदुकीबद्दलचा हा संवाद मला नेहमी ठेवीच्याच भाषेत सुचतो.

हे काम सोशल वर्करने एकटीने करायचं नसतं. २००९ साली न्यू हॅम्पशायर राज्यात आठवड्याभरात तीन अनोळखी माणसांनी एकाच दुकानातून बंदुका घेतल्या आणि काही तासांतच स्वतःचा जीव घेतला. दुकानाचा मालक हादरला. त्याने तोंड फिरवलं नाही. तो आत्महत्या-प्रतिबंधाचं काम करणाऱ्यांबरोबर बसला, आणि गिऱ्हाईक संकटात आहे हे कसं ओळखावं, विक्रीला नकार कसा द्यावा, याची माहितीपत्रकं दुकानांसाठी तयार झाली. पुढे इतर अनेक राज्यांनी हा उपक्रम उचलला. कोलोरॅडोमध्ये तात्पुरती बंदूक ठेवून घेणाऱ्या दुकानांचा आणि पोलीस ठाण्यांचा नकाशा लोकांसाठी खुला आहे. वॉशिंग्टन, व्हर्जिनिया आणि युटा या राज्यांत तर ‘मला बंदूक विकू नका’ अशा यादीत माणूस आपणहून नाव घालू शकतो. बरा असताना त्याने वाईट दिवसांसाठी स्वतःलाच घातलेला हा बांध आहे.

राजीखुशीने झालं तर सर्वांत उत्तम. पण कधी माणूस ऐकण्याच्या पलीकडे गेलेला असतो, कधी धोका दुसऱ्याच्या जिवाला असतो. तेव्हा कायदा लागतो. अशा माणसाकडून बंदूक काही काळ काढून घेऊ देणारा पहिला कायदा १९९९ साली कनेटिकटने केला. त्याआधी एक वर्ष तिथल्या राज्य लॉटरीच्या मुख्यालयात एका कर्मचाऱ्याने चार सहकाऱ्यांचे जीव घेतले होते. २००५ मध्ये इंडियाना आलं. २०१४ च्या इस्ला व्हिस्टा हत्याकांडानंतर कॅलिफोर्नियाने कुटुंबीयांना थेट न्यायालयात जाण्याचा हक्क दिला. तिथल्या हल्लेखोराच्या आईवडिलांनी मुलाबद्दलची काळजी आधीच पोलिसांच्या कानावर घातली होती, पण बंदुका काढून घेण्याचा मार्ग नव्हता. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलँड इथे शाळेत १७ जण मारले गेले, आणि त्यानंतर एकामागून एक राज्यांनी असे कायदे केले. आज २० हून अधिक राज्यांत ते आहेत. टेक्सासमध्ये नाही, आणि ओक्लाहोमाने तर २०२० मध्ये असे आदेश राज्यात लागू होऊ नयेत असाच कायदा केला. २०२२ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना संकटकालीन हस्तक्षेपाच्या अशा कार्यक्रमांसाठी ७५ कोटी डॉलर ठेवले.

बोलीभाषेत यांना ‘रेड फ्लॅग’ कायदे म्हणतात. मला ते नाव आवडत नाही. संकटातल्या माणसाच्या डोक्यावर लाल झेंडा रोवल्यासारखं ते वाटतं. कायद्यातलं नाव आहे अतिजोखीम संरक्षण आदेश. हा दिवाणी आदेश असतो. त्याने माणूस गुन्हेगार ठरत नाही आणि वेडाही ठरत नाही. मेरीलँडमध्ये १ ऑक्टोबर २०१८ पासून कुटुंबीय, जोडीदार आणि पोलीस यांच्याबरोबर डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि क्लिनिकल सोशल वर्कर यांनाही अर्ज करता येतो. न्यायालय बंद असेल तर न्यायालयाचाच कमिशनर रात्रीही अंतरिम आदेश देऊ शकतो. मग न्यायाधीशापुढे तात्पुरत्या आदेशाची सुनावणी होते. त्यानंतर अंतिम सुनावणीत त्या माणसाला वकिलासह आपली बाजू मांडता येते. अंतिम आदेशासाठी स्पष्ट आणि खात्रीलायक पुरावा लागतो आणि त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते. त्या काळात त्याला बंदुका पोलिसांकडे जमा कराव्या लागतात आणि नव्या घेता येत नाहीत. न्यूयॉर्कने २०१९ च्या कायद्यात शाळेतल्या सोशल वर्करांना सामील केलं आणि २०२२ मध्ये आरोग्यसेवेतल्या सोशल वर्करांनाही. कोलोरॅडो आणि मिशिगन यांनीही मानसिक आरोग्याच्या व्यावसायिकांना दार उघडलं. उपयोग होतो का? ड्यूक विद्यापीठाचे जेफ्री स्वॉन्सन आणि सहकाऱ्यांनी कनेटिकटमधल्या ७६२ प्रकरणांचा अभ्यास केला. दर १० ते २० जप्तींमागे एक आत्महत्या टळली असावी, असा त्यांचा २०१७ चा निष्कर्ष आहे.

हक्क मिळाला म्हणजे प्रश्न संपला, असं मात्र नाही, आणि या पुस्तकातली मला सर्वांत मोलाची वाटलेली प्रकरणं इथूनच सुरू होतात. सोशल वर्करच्या व्यवसायाची आचारसंहिता सांगते, की समोरच्याचा स्वतःबद्दल निर्णय घेण्याचा हक्क जपा. तीच आचारसंहिता सांगते, की गंभीर, दिसत असलेला आणि जवळ आलेला धोका असेल तर या हक्काला मर्यादा घालता येते. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली तारासॉफ खटल्यात, रुग्णापासून ज्याला धोका आहे त्याला वाचवण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्यावर टाकली. तिथपासून हा पेच प्रत्येक सोशल वर्करच्या टेबलावर आहे. ज्याने विश्वासाने आपल्यासमोर मन मोकळं केलं, त्याच्याविरुद्ध आपण सहीनिशी अर्ज करायचा. तो पुन्हा कधी कुणाशी बोलेल का? मी शिकले ते असं, की शक्य असेल तिथे हे त्याला तोंडावर सांगावं. ‘मला तुमची काळजी वाटते, म्हणून मी हे करते आहे, आणि मुदत संपली की तुम्हाला तुमची वस्तू परत मागता येईल.’ पाठीमागे केलेली गोष्ट विश्वास मोडते. समोर सांगितलेल्या गोष्टीचा राग येतो, पण राग ओसरू शकतो.

दुसरा पेच पोलिसांचा. आदेश बजावायला तेच जातात. नोव्हेंबर २०१८ मध्ये, कायदा लागू होऊन महिना झाला होता, मेरीलँडमध्ये पहाटे असा आदेश घेऊन गेलेल्या पोलिसांच्या गोळीने एक कृष्णवर्णीय माणूस आपल्याच घराच्या दारात मारला गेला. ज्या वस्त्यांचा पोलिसांबाबतचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या कडू आहे, तिथल्या आईने मुलासाठी हा अर्ज करावा का? सोशल वर्करकडे याचं तयार उत्तर नसतं. त्या घराचा इतिहास ऐकणं, राजीखुशीचे सगळे मार्ग आधी वापरणं, आदेश बजावताना काय करावं आणि काय टाळावं याची माहिती पोलिसांना आधी पुरवणं, एवढं ती करू शकते आणि तिने करायलाच हवं. आणखी एक काळजी घ्यावी लागते. मानसिक आजार म्हणजे हिंसा, हा समज या कायद्यांच्या चर्चेतून पक्का होता कामा नये. समाजातल्या एकूण हिंसेपैकी सुमारे ४ टक्के हिंसाच गंभीर मानसिक आजाराशी जोडता येते. म्हणून चांगले कायदे निदान विचारत नाहीत. माणूस अलीकडे काय बोलला, काय केलं, ते पाहतात.

घरगुती हिंसेत चित्र वेगळं असतं, आणि तिथे गोड बोलून चालत नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या जॅकलिन कॅम्बेल यांनी ११ शहरांतल्या प्रकरणांचा अभ्यास २००३ मध्ये मांडला. मारहाण करणाऱ्या पुरुषाच्या हाताशी बंदूक असेल, तर बाईच्या खुनाचा धोका सुमारे पाच पटींनी वाढतो, असं त्यात दिसलं. निवाऱ्यातली सोशल वर्कर तिला बंदुकीबद्दल विचारते ते याच कारणाने. बंदूक बाळगण्याचा हक्क १७९१ पासून अमेरिकेच्या राज्यघटनेत आहे, त्यामुळे असे निर्बंध घटनेत बसतात का, हा वाद सतत चालू असतो. जून २०२४ मध्ये रहीमी खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने निर्णय दिला, की ज्याच्यापासून दुसऱ्याच्या जिवाला धोका असल्याचं न्यायालयाने मान्य केलं आहे, त्याच्याकडची बंदूक तात्पुरती काढून घेता येते. त्या निकालातला ‘तात्पुरती’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो.

मराठी वाचकाने हे का वाचावं? न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सास इथे आज हजारो मराठी घरं आहेत. त्यांची मुलं मित्रांकडे रात्री राहायला जातात. तिकडच्या बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे, की पोहण्याचा तलाव आहे का, कुत्रा आहे का, हे विचारतो तसंच ‘घरात बंदूक आहे का, आणि कुलपात असते का?’ हेही विचारावं. आपल्या लोकांना हा आगाऊपणा वाटतो. २०२० पासून अमेरिकेत मुलांच्या आणि किशोरांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे, हे लक्षात घेतलं तर तो संकोच गळून पडावा. न्यू जर्सीत सप्टेंबर २०१९ पासून कुटुंबातल्या माणसांना असा आदेश मागता येतो, हेही तिथल्या अनेक मराठी कुटुंबांना माहीत नाही.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी दुवा आणखी जवळचा आहे. आपल्या खेड्यांत बंदुकीची जागा कीटकनाशकाच्या डब्याने घेतली आहे. माळ्यावर, गोठ्यात, कधी पलंगाखालीही तो असतो. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली, आणि पुढच्या दोन दशकांत तिथला आत्महत्येचा दर ७० टक्क्यांहून अधिक घटला. शेती थांबली नाही. चेन्नईत ‘स्नेहा’ संस्था उभी करणाऱ्या डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी तमिळनाडूच्या दोन गावांत कीटकनाशकांसाठी सामायिक कोठार करून पाहिलं. प्रत्येक शेतकऱ्याचा स्वतःचा कप्पा, त्याला दोन किल्ल्या, एक शेतकऱ्याकडे आणि एक सांभाळणाऱ्याकडे. चेसापीकच्या काठावर मी जे एका घरात केलं, तेच इथे गावाने मिळून केलं. विदर्भ-मराठवाड्यात घरोघर जाणाऱ्या आशाताईंनी आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी ‘औषध कुठे ठेवता?’ हा प्रश्न सहज विचारायला शिकावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. हा ग्रंथ मराठीत येण्यामागचं मोठं कारण मी हेच मानते.

पुस्तक वाचताना जड वाटेल. सलग वाचलं नाही तरी चालेल. ज्यांना काम करायचं आहे त्यांनी संवादाची प्रकरणं मोठ्याने वाचून पाहावीत. प्रश्न तोंडात बसल्याशिवाय तो ऐन वेळी बाहेर येत नाही, हे मी अनुभवाने सांगते. आणि वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या मनावर आजच ओझं असेल, तर पुस्तक बाजूला ठेवून जवळच्या माणसाला हाक मारावी. भारतात १४४१६ हा ‘टेली-मानस’चा क्रमांक आहे, अमेरिकेत ९८८. दोन्हीकडे फोन उचलायला माणूस असतो.

त्या शेतकऱ्याबद्दल सांगायचं राहिलं. उपचार सुरू झाले, झोप यायला लागली, कर्जाची फेररचना झाली. साताठ महिन्यांनी त्याच्या बायकोचा फोन आला. डॉक्टरांशी आणि तिच्याशी बोलून त्याने भावाकडून शिकारीच्या बंदुका परत आणल्या होत्या. पिस्तूल दुकानदाराला विकून टाकलं होतं, स्वतःहून. ‘काल दोघे भाऊ हरणांच्या शिकारीला गेले होते, रिकाम्या हाताने परत आले आणि रात्री उशिरापर्यंत बोलत बसले,’ ती म्हणाली. केबल-लॉकची एक किल्ली मात्र अजून तिच्याकडेच होती. ती त्याने मागितली नव्हती, आणि तिने ठेवली आहे हे त्याला माहीत होतं.